उत्तर: नवा कॉपर कॅटॅलिस्ट पहिल्या दिवसापासून मंद असेल तर आधी रिडक्शनची लॉगशीट काढा

भाऊ, तुमची पोस्ट दोनदा वाचली. फरफ्युरालला हायड्रोजन देऊन फरफ्युरिल अल्कोहोल करता, व्हेपर फेज (वाफेच्या रूपात), कॉपर क्रोमाइट कॅटॅलिस्टचा नवा चार्ज (भरणा). कन्व्हर्जन (किती फरफ्युराल बदललं ते) पहिल्या दिवसापासून ८० टक्क्यांच्या वर गेलंच नाही, इनलेटचं (आत जाणाऱ्या गॅसचं) तापमान २० अंशांनी वाढवावं लागलं, हवा देऊन बर्न-ऑफ केलं (साचलेलं जाळलं) तरी फरक नाही. जळगाव एमआयडीसीतल्या आमच्या प्लांटला मी हेच सगळं भोगलंय, म्हणून लिहायला बसलो.

फीडमधल्या गंधकावर मला संशय नाही. गंधकाने बेड (रिअ‍ॅक्टरमध्ये भरलेला कॅटॅलिस्ट) वरून खाली मरत जातो आणि त्याला दिवस लागतात. डिंक साचला असता तर बर्न-ऑफने थोडं तरी परत आलं असतं. पहिल्या दिवसापासून अख्खा बेड मंद म्हणजे माझ्या मते तो रिडक्शनमध्येच (सुरुवातीला हायड्रोजन देऊन कॉपर ऑक्साइडचं तांबं करतात, त्यात) भाजला. तांबं १०८५ अंशाला वितळतं हे खरं, पण कॅटॅलिस्टमधले बारीक कण त्याच्या कितीतरी आधी सरकून एकमेकांना चिकटतात. एकदा मोठे झाले की ते पुन्हा बारीक होत नाहीत.

आमचं काय झालं ते सांगतो. मे महिना, रात्रपाळी, इनलेट १८०. नायट्रोजनमधला हायड्रोजन अर्ध्या टक्क्यावरून एक टक्क्यावर नेला. कॉपर ऑक्साइडचं रिडक्शन उष्णता सोडतं. नायट्रोजनमध्ये एक टक्का हायड्रोजन असेल तर बेड साधारण ३० अंशांनी तापतो. म्हणजे २१० दिसायला हवं होतं. पॅनलवर बेडमधला वरचा थर्मोकपल (तापमान मोजणारा) १८२, मधला २९५, आउटलेट २४०. अलार्म वाजला. माझा ऑपरेटर म्हणाला, 'साहेब, हायड्रोजन बंद करू का?' मी म्हणालो, वरचा बरोबर दाखवतोय, मधला बिघडला असेल, चालू ठेव. अलार्म मीच बंद केला.

मधला थर्मोकपल खरं बोलत होता. वरच्या थरातलं रिडक्शन संपलं होतं म्हणून तो थंड होता. आउटलेटचा थर्मोकपल फ्लँजच्या पुढे, लॅगिंग (उष्णता राखणारं वेष्टण) निघालेल्या पाइपात होता, म्हणून कमी दाखवत होता. चूक रोटामीटरची (गॅसचा प्रवाह मोजणाऱ्या उपकरणाची) होती. तो हवेसाठी खुणा केलेला होता आणि त्यातून आम्ही हायड्रोजन सोडत होतो. घनतेच्या गुणोत्तराचं वर्गमूळ काढा: २९ भागिले २, त्याचं वर्गमूळ ३.८. काट्यावर एक टक्का, बेडमध्ये जवळजवळ चार. ११५ अंशांची वाढ तेच सांगत होती. ३० ने भागायला दहा सेकंदही लागले नसते, पण मी भागलं नाही.

त्यानंतरचे दोन महिने वाया गेले त्याचा मला आजही राग आहे. कॅटॅलिस्ट विकणाऱ्यांचं जे कार्यालय होतं, त्यांनी दर आठवड्याला फीडचा गंधकाचा रिपोर्ट मागितला. आम्ही पाठवत राहिलो. फरफ्युराल देणाऱ्याशी भांडलो, चांगला माणूस विनाकारण दुखावला. रिडक्शनची लॉगशीट त्या कार्यालयातल्या एकानेही मागितली नाही. शेवटी एका निवृत्त प्रॉडक्शन मॅनेजरांनी मागितली आणि पाच मिनिटांत मधल्या रकान्यावर बोट ठेवलं.

तेव्हा तुम्हीही लॉगशीट काढा. मधल्या थर्मोकपलमधून इनलेट वजा करा, ३० ने भागा. येणारा आकडा हाच तुमचा खरा हायड्रोजन (उष्णता बाहेर जाते, म्हणून खरा आकडा थोडा जास्तच असेल). शीटवर लिहिलेल्या टक्क्यांशी तो जुळला नाही तर उत्तर मिळालं. खात्री हवी असेल तर एक्सआरडीवर (क्ष-किरणांच्या चाचणीत) तांब्याच्या कणांचा आकार मोजून घ्या, जळगावच्या विद्यापीठात विचारायला हरकत नाही. नमुना मात्र पॅसिव्हेट करूनच (अगदी थोडी हवा देऊन, कणांचा पृष्ठभाग शांत करून) काढा. रिड्यूस झालेलं तांबं हवेत तापतं, पेटतंही.

तुमच्या पोस्टखाली कोणीतरी 'निकेल वापरा' म्हटलंय, ते कृपया ऐकू नका. निकेल रेणूतली फ्युरानची रिंगही हायड्रोजनेट करतं (तिलाही हायड्रोजन जोडतं). तांबं फक्त अल्डिहाइडच्या भागाला हायड्रोजन जोडून थांबतं, म्हणून तर ते घालतो. इनलेट आणखी वाढवूनही उपयोग नाही. २०० च्या पुढे मिथाइलफ्युरान (नको असलेला पदार्थ) वाढू लागेल आणि विकायचा माल कमी होईल.

पुढच्या चार्जला इनलेट गॅसचा नमुना जीसीवर (गॅसमधले घटक मोजणाऱ्या यंत्रावर) टाकल्याशिवाय रोटामीटरवर विश्वास ठेवू नका. बेडमधला कुठलाही थर्मोकपल २३० ला गेला की हायड्रोजन बंद, नायट्रोजन चालू, चर्चा नंतर. (२३० हा माझा आकडा आहे. तुमच्या कॅटॅलिस्टच्या कागदावर वेगळा असेल तर तो पाळा.) निघालेलं पाणीही मोजा: १०० किलो कॉपर ऑक्साइडमागे साडेबावीस किलोच्या आसपास यायला हवं. रिडक्शन पूर्ण झालं का ते त्यावरून कळतं.

हे सगळं फिक्स्ड बेडबद्दल आहे. स्लरीत (कॅटॅलिस्टची भुकटी द्रवात मिसळून) काम करणाऱ्यांनी यातले आकडे उचलू नयेत.

आणि जुना चार्ज काढलात तर ड्रम भंगारवाल्याला देऊ नका, त्यात क्रोमियम आहे. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत साधारणपणे ९० दिवसच साठवता येतो, तेव्हा उचलणाऱ्याशी बेड उघडायच्या आधीच बोलून ठेवा. लॉगशीटमधले तिन्ही थर्मोकपलचे तासावार आकडे इथे टाका, मी आज रात्री बघतो.