बदली उमेदवार?

प्रश्न : बेलारूसमध्ये २०२० साली लोकशाहीसाठी झालेल्या आंदोलनात तीन स्त्रिया आघाडीवर होत्या, परंतु त्यांतील दोघी आपापल्या पतीच्या जागी पुढे आल्या होत्या. मग याला स्त्रियांचे नेतृत्व म्हणावे का?

उत्तर : सुरुवात तशी झाली, हे खरे आहे. सरकारविरोधी यूट्यूब वाहिनी चालवणारे सियारहेई त्सिखानोव्स्की मे २०२० मध्ये पकडले गेले, तेव्हा त्यांच्या पत्नी स्वियातलाना यांनी अध्यक्षपदासाठी अर्ज भरला. व्हालेरी त्सेपकालो यांना उमेदवारी नाकारली गेली आणि ते मुलांना घेऊन देशाबाहेर पडले. त्यांच्या पत्नी वेरोनिका मात्र मागे राहून प्रचारात उतरल्या. तिसऱ्या मारिया कोलेस्निकोवा या बासरीवादक, आणि अध्यक्षपदाचे इच्छुक उमेदवार असताना तुरुंगात डांबलेल्या व्हिक्टर बाबारिको यांच्या प्रचारप्रमुख. प्रबळ पुरुष उमेदवार बाद होऊनही स्वियातलाना यांचा अर्ज मंजूर झाला, तो माझ्या मते सत्तेवर असलेले अध्यक्ष अलेक्सांद्र लुकाशेन्को यांनी त्यांना खिजगणतीतही धरले नाही म्हणून. देशाची राज्यघटना बाईसाठी लिहिलेली नाही, असे ते उघडपणे म्हणाले होते.

९ ऑगस्टच्या मतदानाला स्वियातलाना यांचे समर्थक मनगटावर पांढरी पट्टी बांधून आले आणि अनेकांनी मतपत्रिकेची पंख्यासारखी घडी घातली, कारण सरकारी मोजणीवर विश्वास नसल्याने आपली संख्या डोळ्यांना दिसावी, एवढाच मार्ग हाती उरला होता. अधिकृत निकालात लुकाशेन्को यांना ८० टक्के मते दाखवली गेली. तक्रार नोंदवायला गेलेल्या स्वियातलाना यांना लिथुआनियात जाणे भाग पडले. रस्त्यावर धरपकड आणि मारहाण चालू असतानाच १२ ऑगस्टला राजधानी मिन्स्कच्या कोमारोव्स्की बाजाराजवळ पांढऱ्या कपड्यांतील स्त्रिया हातात फुले घेऊन साखळी करून उभ्या राहिल्या. त्यांना कोणी कोणाच्या जागी पाठवले नव्हते.

आपल्या शंकेचे खरे उत्तर मला मात्र युक्रेनच्या सीमेवर दिसते. ७ सप्टेंबरला तोंड झाकलेल्या माणसांनी कोलेस्निकोवा यांना मिन्स्कमधून भर दिवसा उचलले आणि रात्री दोन सहकाऱ्यांसह सीमेवर नेले. गाडी पलीकडे गेली असती, तर त्या स्वखुशीने पळाल्या असे सांगायला सरकार मोकळे झाले असते. त्यांनी स्वतःचा पासपोर्ट फाडला, तुकडे बाहेर भिरकावले, गाडीच्या खिडकीतून उतरल्या आणि बेलारूसच्या दिशेने परत चालू लागल्या. पासपोर्टच नसल्याने त्यांना बाहेर घालवता येईना. त्यांना अटक झाली आणि पुढल्या वर्षी ११ वर्षांची शिक्षा सुनावली गेली. डिसेंबर २०२५ मध्ये सुटका होईपर्यंत पाच वर्षांहून अधिक काळ त्यांनी कैदेत काढला.

आणि स्वियातलाना यांचे म्हणाल, तर त्यांचे पती जून २०२५ मध्ये सुटून लिथुआनियात पोहोचले, तेव्हाही परदेशातून चालणाऱ्या चळवळीचे नेतृत्व स्वियातलाना यांच्याकडेच राहिले.