वाचकांचे प्रश्न : हार्मोन आणि बायकांचे ऑटोइम्यून आजार

प्रश्न : वय ३१. तीन वर्षांपासून आमवात आहे. दिवस राहिल्यावर पाचव्या महिन्यापासून सांधे इतके हलके झाले की आजार गेलाच असं वाटलं. आता बाळ अडीच महिन्यांचं आहे आणि सकाळी झबल्याचे बंदसुद्धा बांधता येत नाहीत. सासूबाई म्हणतात, ओल्या बाळंतिणीने गार पाण्यात हात घातला म्हणून. अंगावर पाजताना गोळ्या चालतील का? (एक वाचक, कराड)

उत्तर : गार पाण्याने दुखरं बोट तेवढ्यापुरतं आखडतं, पण आमवात त्याने उलटत नाही. हा ऑटोइम्यून आजार आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच आपल्या सांध्यांवर उठते. तुमचं वेळापत्रक अगदी नेहमीचं आहे. आमवात असलेल्या निम्म्याहून थोड्या जास्त बायकांना गरोदरपणात आराम पडतो आणि बाळंतपणानंतर पहिल्या तीन-चार महिन्यांत पुष्कळ जणींचा आजार पुन्हा उसळतो. बाळाच्या पेशींत निम्मा वारसा वडिलांचा असतो. आईच्या शरीराने ते परकं समजून हल्ला करू नये म्हणून गरोदरपणात प्रतिकारशक्तीला आवर घातला जातो. त्यात इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि कॉर्टिसॉल या तिन्हींच्या वाढलेल्या पातळ्यांचा वाटा असतो. वार पडली की काही दिवसांत या पातळ्या कोसळतात आणि आवर सुटतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे डॉ. फिलिप हेंच गरोदरपणातल्या या आरामामागचं द्रव्य शोधत होते. तो शोध कॉर्टिझोन या स्टिरॉइडपर्यंत पोहोचला आणि १९५० चं नोबेल त्यांना आणखी दोघांसोबत मिळालं.

आधी दुखणं आमवाताचंच आहे ना, ते पाहा. बोटांची मुळं आणि मधले पेर सुजलेत, दोन्ही हातांना त्रास आहे, सकाळचा ताठरपणा तासभर टिकतो, तर आमवात. नखाजवळचे सांधे यात बहुधा सुटतात. दुखणं फक्त अंगठ्याच्या बाजूच्या मनगटात असेल तर अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे वाकवा. जोराची कळ आली तर बाळाला सतत उचलून तिथल्या स्नायूबंधाचं आवरण सुजलेलं असण्याची शक्यता मोठी. त्याला पट्टा आणि विश्रांती लागते, आमवाताच्या गोळ्या नव्हेत.

आमवाताच्या औषधांपैकी पाजताना हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि सल्फासलाझिन चालतात. दुखण्यासाठी आयबुप्रोफेन चालतं. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड दिवसाला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त लागलंच तर गोळीनंतर चार तास थांबून पाजावं. मेथोट्रेक्सेट आणि लेफ्लुनोमाइड मात्र पाजताना नाही. कपाटात जुनी मेथोट्रेक्सेटची पट्टी असेल तर आपल्या मनाने सुरू करू नका. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. कुणी चुकून रोज घेतली की तोंड सोलतं आणि पांढऱ्या पेशी धोकादायक इतक्या घटतात. पुढच्या खेपेला दिवस राहायच्या साधारण तीन महिने आधी ती बंद करावी लागते आणि तिच्या जागी काय द्यायचं ते तेव्हाच ठरवावं. आठव्या महिन्यातच संधिवाततज्ज्ञांची बाळंतपणानंतरच्या सहाव्या आठवड्याची वेळ घेऊन ठेवावी. आराम पडला की पुष्कळ जणी तिकडे फिरकायच्या थांबतात, तीच चूक नडते.

प्रश्न : हे आजार बायकांनाच का? सगळा दोष इस्ट्रोजेनचा का? (पुणे)

उत्तर : सगळा नाही. ल्युपस या, त्वचा, सांधे, मूत्रपिंड अशा अनेक अवयवांवर उठणाऱ्या ऑटोइम्यून आजाराच्या दहा रुग्णांत नऊ बायका असतात, तर आमवातात प्रमाण साधारण तिनास एक. पाळी येण्याआधीच्या वयात ल्युपसमधला मुलगा-मुलगी फरक बराच कमी असतो, यावरून हार्मोनचा हात दिसतो. पण एक जादा एक्स गुणसूत्र घेऊन जन्मलेल्या पुरुषांनाही ल्युपसचा धोका बायकांइतका वाढतो, आणि त्यांच्यात इस्ट्रोजेनचा पूर काही नसतो. मुळं गुणसूत्रांत आहेत, हार्मोन आजाराची वेळ आणि जोर बदलतात.

प्रश्न : बाळंतपणानंतर तिसऱ्या महिन्यात धडधड, घाम, वजन घटलं. टीएसएच अगदी कमी आला. थायरॉइड वाढलाय म्हणून गोळ्या लिहून दिल्या. केस गळतात म्हणून बायोटिनही चालू आहे. (नाशिक)

उत्तर : बायोटिन आजच थांबवा आणि किमान दोन दिवसांनी तपासणी पुन्हा करा. टीएसएच हे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन (टी-४) वाढलं की ते घटतं. केसांच्या गोळ्यांत ते भरपूर असतं आणि अनेक प्रयोगशाळांच्या यंत्रांना त्यामुळे टीएसएच खोटा कमी, टी-४ खोटा जास्त दिसतो.

आकडे तरीही तसेच राहिले तर दोन शक्यता. एकीत ग्रंथी सुजून साठवलेलं हार्मोन गळतं, ही बाळंतपणानंतरची थायरॉइडची सूज. दुसरीत ग्रंथी खरंच जास्त हार्मोन बनवते, तो ग्रेव्ह्ज नावाचा आजार. दोन्हींतला फरक टीएसएच रिसेप्टरविरोधी प्रतिपिंडांच्या तपासणीत कळतो. पाजत असताना किरणोत्सारी आयोडीनचा स्कॅन टाळतात. गळतीत कार्बिमाझोल या थायरॉइड आवरणाऱ्या गोळीचा उपयोग शून्य, कारण ते हार्मोन बनणं थांबवतं आणि इथे जुना साठा सांडतोय. धडधडीपुरतं प्रोप्रॅनोलॉल पुरतं. साठा संपला की चौथ्या ते आठव्या महिन्यात उलट बाजू येते : थकवा, बद्धकोष्ठ, रडू येणं. घरात त्याला ‘बाळंतिणीचं मन’ म्हणून सोडून देतात. तेव्हा टीएसएच करा.

थायरॉक्सिन (थायरॉइड हार्मोनची गोळी) लागलंच तर पहाटे उपाशीपोटी, नुसत्या पाण्यासोबत, चहाच्या अर्धा ते एक तास आधी. बाळंतिणीच्या लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांनी. तिन्ही गोळ्या एकत्र गिळल्या की थायरॉक्सिन आतड्यात अडकतं आणि डोस विनाकारण वाढत जातो. बहुतेकींची ग्रंथी वर्षभरात पूर्ववत होते, काहींची होत नाही, म्हणून पुढे दरवर्षी टीएसएच.

प्रश्न : ल्युपस आहे, वर्षभर शांत. इतक्यात मूल नको. पाळणा लांबवायच्या गोळ्या चालतील? (बेळगाव)

उत्तर : आधी रक्तात गुठळ्या करणाऱ्या प्रतिपिंडांच्या तीन तपासण्या : ल्युपस अँटिकोॲग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन, बीटा-२ ग्लायकोप्रोटीन. काही निघालं तर १२ आठवड्यांनी पुन्हा. प्रतिपिंडं असतील तर इस्ट्रोजेनची गोळी वर्ज्य, कॉपर-टी बसवा. नसतील आणि आजार शांत असेल तर गोळी चालते. २००५ मध्ये जाहीर झालेल्या अमेरिकन चाचणीत अशा बायकांचा आजार गोळीने बळावला नव्हता.

पुढे मूल हवं होईल तेव्हासाठी : ल्युपससाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू असेल तर ते दिवस राहिले तरी सोडायचं नाही. मात्र मात्रा वजनाच्या प्रत्येक किलोला रोज ५ मिलिग्रॅमपर्यंतच. ४० किलोच्या बाईला रोज ४०० म्हणजे थेट दुप्पट, आणि त्याची किंमत डोळ्याचा पडदा मोजतो. मायकोफेनोलेट हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू असेल तर ते दिवस राहायच्या किमान सहा आठवडे आधी बदलून घ्यावं लागतं. अँटी-आरओ या प्रतिपिंडांची तपासणीही आधीच करून ठेवा. ती पॉझिटिव्ह असलेल्या शंभर गरोदरपणांत साधारण दोन बाळांच्या हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून सोळाव्या ते सव्विसाव्या आठवड्यात बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी पुन्हापुन्हा करतात.