पंगत उठली आणि फळी लागली

तुम्ही विचारलंय की कोविडच्या दोन वर्षांत छोट्या खानावळींनी आणि घरांनी जागेत, सामानसुमानात नेमके काय बदल केले आणि त्यातलं काय खरंच उपयोगी पडलं. तुम्ही इंटिरियर डिझाइन शिकताय आणि प्रकल्पासाठी प्रत्यक्ष अनुभव हवाय, असंही लिहिलंय. माझ्याकडे फक्त अनुभवच आहे, तो सविस्तर सांगते.

पुण्यात सदाशिव पेठेत आमची खानावळ आहे. खाली जेवणाची खोली आणि भटारखाना, वर आमचं घर. जेवायला येतात ती बहुतेक एमपीएससीच्या परीक्षांची तयारी करणारी मुलं, कॉट बेसिसवर म्हणजे खोलीतल्या एका खाटेपुरतं भाडं देऊन राहणारी आणि दिवसभर अभ्यासिकेत बसणारी. २०२० साली दोन वेळच्या जेवणाचे महिन्याला २६०० रुपये घेत होतो. दहा टेबलं होती, एकेका टेबलावर चौघं. गर्दीच्या वेळी मुलं भिंतीला टेकून आपली पाळी यायची वाट बघायची.

९ मार्चला राज्यातले पहिले रुग्ण पुण्यातच सापडले आणि आठवड्याभरात पेठा रिकाम्या होऊ लागल्या. २२ तारखेच्या जनता कर्फ्यूपर्यंत आमची दीडशेतली जेमतेम पंचवीस मुलं उरली. ज्यांना गावी जाता आलं नाही, किंवा ५ एप्रिलची पूर्वपरीक्षा होईलच अशी ज्यांना आशा होती, ती ही मुलं. त्यांच्या खोल्यांत ना शेगडी, ना भांडी. खानावळ बंद म्हणजे ती उपाशी, इतका सरळ हिशेब होता. मधल्या वेळी काहीजण सरकारी शिवभोजन केंद्रावर पाच रुपयांत जेवून यायचे, पण केंद्र दुपारचं असायचं. रात्रीचं काय?

लॉकडाऊनमध्ये पार्सलला परवानगी होती, पण आमच्याकडे पार्सलची जागाच नव्हती. मुलं आत येऊन भटारखान्याच्या दारापाशी उभी राहिली असती, आणि नेमकं तेच टाळायचं होतं. माळ्यावर जुन्या दुकानाच्या फळ्या पडून होत्या. शटर यायच्या आधी पेठेतली दुकानं अशाच फळ्या खाचेत एकेक सरकवून बंद करायची. त्यातली सागवानी, दीड इंच जाडीची एक फळी काढली, घासून धुतली आणि दारात आडवी बसवली. दाराच्या जुन्या चौकटीला खाच होतीच. त्या फळीवरून डबे द्यायचे, पैसे किंवा जेवणाचं कूपन ताटलीत घ्यायचं. रस्त्यावर खडूने चौकोन आखले. पावसाने खडू धुऊन गेला तेव्हा ऑइलपेंटने आखले. खर्च म्हणाल तर दोन बिजागऱ्या आणि एक पॉलिशपेपर. आमच्या सगळ्या बदलांतला हा सर्वात स्वस्त आणि सर्वात उपयोगाचा.

जागेपाठोपाठ जेवणही बदलावं लागलं. ताटात वाढायची पातळ आमटी डब्यातून सांडते, म्हणून घट्ट वरण, पिठलं, अंगासरशी उसळ. मार्केट यार्ड बंद होतं तेव्हा तर मटकी, चवळी आणि बटाटा यांवरच भागवलं. सगळ्यात जास्त छळलं ते पोळ्यांनी. गरम पोळ्या स्टीलच्या डब्यात भरल्या की वाफ धरते, खालच्या चार पोळ्या ओल्या होऊन चिकटतात. कागदात गुंडाळल्या तर तासाभरात वातड. उपाय माझ्या सासूबाईंनी सांगितला, तो म्हणजे बांबूची दुरडी. आत जुन्या धोतराचं धुतलेलं फडकं, त्यावर पोळ्या, वरून फडक्याचीच घडी. वाफ कामट्यांच्या फटींतून निघून जाते आणि पोळी मऊ राहते. दहा मिनिटं दुरडीत निववून मग डब्यात.

दुरड्यांसाठी बांबू विणणाऱ्यांच्या बुरूड आळीत गेले तेव्हा तिथली अवस्था पाहून पोटात कालवलं. लग्नसराईत सुपं, परड्या, रुखवताच्या टोपल्या यांवर त्यांचं वर्ष निघतं. लग्नं पन्नास माणसांत उरकायला लागली तशी ती मागणी आटली. विणलेली सुपं उंचच्या उंच रचून ठेवलेली होती आणि घ्यायला कुणी नव्हतं. मी सहा दुरड्या सांगितल्या. त्या कारागिराने बोटांच्या विती लावून आमच्या डब्याचं माप घेतलं आणि तिसऱ्या दिवशी दुरड्या दिल्या. तुमच्या प्रकल्पात ही गोष्ट आवर्जून घ्या, अशी माझी मनापासून विनंती आहे. त्या दिवसांत तयार सामान कुठूनच येत नव्हतं. आपल्या मापाचं, दोन दिवसांत, चार गल्ल्या पलीकडून मिळालं ते फक्त हाताने काम करणाऱ्यांकडून.

आमच्याकडे पोळ्या करायला दोघी यायच्या, दांडेकर पुलाजवळच्या वस्तीतून. ये-जा बंद करायला वस्तीत गल्लीच्या तोंडाशी पत्रे ठोकल्यावर त्यांचं येणं थांबलं. सुरुवातीचे दोन महिने मी, सून आणि सासूबाई अशा तिघींनी लाटल्या. नंतर ये-जा जरा सुरू झाली तेव्हा आम्ही पीठच त्यांच्या घरी पोचवू लागलो. किलोला तीस पोळ्या, पोळीमागे मजुरी. त्यांनी दहा बाय दहाच्या खोलीत कॉट भिंतीला उभी करून ओटा वाढवला. म्हणजे आमची खानावळ त्यांच्या घरात गेली.

आणि आमच्या घरात खानावळीचं फर्निचर आलं. दहा टेबलं रिकामी पडलेली, वर नातवाची शाळा मोबाइलवर आणि सुनेचं ऑफिस स्वयंपाकघरातल्या स्टुलावर. दोन टेबलं वर नेली. मोठ्यांच्या मापाचं टेबल, नातू सात वर्षांचा, पाय लोंबकळायचे आणि तासाभरात त्याला मुंग्या यायच्या. पायाखाली जेवायचा पाट ठेवला, पाठीला गोधडीची घडी लावली, तेव्हा कुठे तो बसू लागला. सुनेच्या खुर्चीमागे भांड्यांची मांडणी दिसायची म्हणून मीटिंगपुरती एक जुनी इरकल साडी दोरीवर टाकायची. शेजारच्यांनी हे पाहिलं आणि उरलेल्यांतली पाच टेबलं वाड्यातल्या घरांत गेली. भाडं घेतलं नाही. त्याबदल्यात एका घराने भाज्या निवडून दिल्या, एकाने मुलांच्या डब्यांवर नावं घालून दिली.

मास्कही घरीच शिवले. सरकारने घरगुती मास्कची सूचना एप्रिलच्या सुरुवातीला काढली, त्याआधीच सासूबाईंनी मशीन बाहेर काढलं होतं. तीन पदरी सुती कापड, नाकाशी चिमटा म्हणून पार्सलच्या पिशवीची तार. पुढे लोक खणाचे, पैठणीच्या काठाचे मास्क मागू लागले. दिसायला सुरेख, पण जरीचे धागे टोचतात आणि धुतल्यावर आकसतात. आम्ही आतून मऊ सुती अस्तर लावूनच ते दिले. पडद्यांच्या आणि साड्यांच्या उरलेल्या चिंध्यांतून त्या पावसाळ्यात सासूबाईंनी चार गोधड्या पुऱ्या केल्या. हात कामात असला की बातम्यांकडे लक्ष कमी जातं, असं त्या म्हणायच्या.

सप्टेंबरमध्ये आमच्या ह्यांना ताप आला, तपासणी पॉझिटिव्ह. दोन खोल्यांच्या घरात वेगळं कसं ठेवायचं? रस्त्याकडची खिडकीची खोली त्यांना दिली, लोखंडी कपाट दारापासून हलवलं म्हणजे दार पूर्ण उघडेल आणि पूर्ण लागेल. दाराबाहेर स्टूल, त्यावर ताट. ताट-वाटी-भांडं वेगळं, उकळत्या पाण्यातून काढलेलं. सतरा दिवस असे गेले. ते बरे झाले, पण तेव्हा मी सगळं लक्ष पुसण्यावर दिलं होतं. दाराची कडी, स्टूल, अगदी दुधाची पिशवीसुद्धा. खिडकी मात्र गारठा नको म्हणून रात्री लावून घ्यायचे. आजार मुख्यतः हवेतून पसरतो हे आम्हाला फार उशिरा कळलं. आज पुन्हा वेळ आली तर मी फडकं ठेवून आधी खिडकी उघडेन.

५ ऑक्टोबरला निम्म्या क्षमतेने बसवून जेवण द्यायला परवानगी मिळाली, तेव्हा शेजाऱ्यांकडची टेबलं परत आणली. गल्लीतल्या एका हॉटेलाने टेबलाटेबलांमध्ये ॲक्रिलिकचे पडदे बसवले, चांगले महागडे. माझ्याही मनात तेच होतं. पैसे नव्हते म्हणून बुरूडाकडून बांबूच्या चार फुटी तट्ट्या करून घेतल्या. आमच्याकडे जेवणाऱ्यांत एक मेकॅनिकल इंजिनिअर मुलगा होता. तो म्हणाला, काकू, आधी उदबत्ती लावून बघू. दुपारी खोली रिकामी असताना आम्ही प्रत्येक टेबलावर एकेक उदबत्ती लावली. दाराजवळच्या टेबलांवरचा धूर आत वाकत होता. मधल्या टेबलांवरचा सरळ वर जाऊन छताशी थांबत होता. आणि डाव्या कोपऱ्यातल्या टेबलावरचा धूर तिथल्या तिथे घुटमळत होता, पाच मिनिटं झाली तरी हलेना. मग त्याने तट्टीच्या जागी टेबलावरचं जाड प्लास्टिक आडवं धरलं. सगळा धूर त्याच्यामागे साठून राहिला. तट्टी धरली तर फटींतून पार झाला.

त्याच संध्याकाळी भटारखान्यातला जास्तीचा एक्झॉस्ट पंखा काढून जेवणाच्या खोलीच्या मागच्या झरोक्यात बसवला. दार उघडं, मागे पंखा. दुसऱ्या दिवशी पुन्हा उदबत्त्या लावल्या. धुराची रेघ दारापासून झरोक्यापर्यंत आडवी गेली. कोपऱ्यातलं टेबल तरीही बदललं नाही, म्हणून ते कायमचं काढलं. तिथे आता हात धुवायचं बेसिन आहे. तट्ट्या ठेवल्या, पण त्या आजार अडवतात म्हणून नव्हे. मुलांना अंतर लक्षात राहावं आणि एकट्याने जेवताना बरं वाटावं म्हणून. त्या ब्लीचच्या पाण्याने पुसू नका, आमची एक तट्टी तशीच ठिसूळ झाली. साबणाचं पाणी आणि ऊन पुरतं.

धंद्याचं म्हणाल तर परीक्षेच्या तारखेने आमचा अंदाज दर वेळी चुकवला. ५ एप्रिलची पूर्वपरीक्षा २६ एप्रिलवर गेली, मग सप्टेंबर, मग ११ ऑक्टोबर, मग १४ मार्च २०२१. त्या वेळी आणखी एकदा पुढे ढकलल्यावर मुलं रस्त्यावर उतरली आणि अखेर २१ मार्चला ती झाली. प्रत्येक तारखेला मुलं गावाहून यायची आणि तारीख गेली की परतायची. आम्ही न वापरलेली कूपनं रद्द केली नाहीत, ती वर्षभर चालवली. एका डिलिव्हरी कंपनीशी जोडूनही पाहिलं, पण ८० रुपयांच्या थाळीत त्यांचं कमिशन वजा जाता गॅसचाही खर्च सुटेना. दीड महिन्यात ते सोडलं आणि स्टीलच्या डब्यांची अदलाबदल सुरू केली. भरलेला द्यायचा, कालचा रिकामा घ्यायचा. २०२१ च्या एप्रिलमध्ये पुन्हा बसून जेवण बंद झालं तेव्हा आम्हाला एका दिवसाचाही खाडा करावा लागला नाही. टेबलं भिंतीला लावली, फळी खाचेत घातली, झालं.

मापं हवी असतील तर देते. फळी जमिनीपासून ३८ इंचांवर आहे, रुंदी १४ इंच, म्हणजे दोन डबे आणि एक ताटली शेजारी शेजारी मावतात. तिच्याखाली १० इंचांवर दुसरी फळी आहे, रिकाम्या डब्यांसाठी, म्हणजे भरलेले आणि आलेले डबे एकमेकांना लागत नाहीत. मागचा पंखा १२ इंची, जमिनीपासून साडेसात फुटांवर. टेबलं आता सात आहेत. पहिली दोन दारापासून चार फूट सोडून. प्रत्यक्ष बघायचं असेल तर दुपारी तीननंतर कधीही या, तेव्हा खोली रिकामी असते. येताना उदबत्तीचा पुडा आणा.