बाळ खाली ठेवलं म्हणून नातं तुटत नाही

प्रिय ताई,

माझं बाळ अडीच महिन्यांचं आहे. गरोदर असतानाच मी ठरवलं होतं की बाळाला नैसर्गिक पद्धतीनं वाढवायचं. फक्त अंगावरचं दूध, दिवसभर बाळ अंगाशी बांधलेलं, रात्री कुशीत, कापडी लंगोट. बाटली नाही, चोखणी नाही, पाळणा नाही. आता मला उभं राहवत नाही. संध्याकाळ झाली की बाळ रडायला लागतं आणि दोन-तीन तास थांबत नाही. नवरा म्हणतो, माझ्याकडे दे, पण मी देत नाही. सासूबाई म्हणतात, सारखं उचलून तूच त्याला सवय लावतेयस. मागच्या आठवड्यात रात्री सोफ्यावर पाजता पाजता मला झोप लागली. जाग आली तेव्हा बाळ माझा दंड आणि सोफ्याची पाठ यांच्या मधे होतं. दुसऱ्या रात्री नवऱ्यानं बाटलीनं पावडरचं दूध दिलं आणि मी सलग झोपले. तेव्हापासून मला रडू आवरत नाही. एक मैत्रीण म्हणते, पावडर देण्यापेक्षा शेळीचं दूध दे, ते निदान नैसर्गिक आहे. तिच्याच सांगण्यावरून मी बाळाची लसही पुढे ढकललीय. मी आमच्यातलं नातं बिघडवलं का?

एक थकलेली आई

प्रिय सखी,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. नाही, तुमचं नातं बिघडलेलं नाही आणि एका बाटलीनं ते बिघडतही नाही. त्यावर सविस्तर बोलूच, पण आधी सोफ्याचं बोलायला हवं. तुला खातेय ती बाटली. मला मात्र धडकी भरली ती सोफ्याच्या त्या दोन ओळींनी.

तान्ह्या बाळाला घेऊन डोळा लागण्यासाठी सोफा आणि आरामखुर्ची या सगळ्यात धोक्याच्या जागा. बैठक मऊ असते आणि ती पाठीला जिथं मिळते तिथं खाच असते. आईचा हात सैल पडला की बाळ त्या खाचेकडे घसरतं, नाक कापडात रुततं, आणि या वयाच्या बाळाला मान वळवून सुटका करून घेता येईलच असं नाही. श्वास कोंडलेलं बाळ रडत नाही, म्हणून आईला जागही येत नाही. तेव्हा रात्रीचं पाजणं आजपासून सोफ्यावर नको. झोप लागेल अशी थोडी जरी शंका असेल तर पलंगावर पाज. धोका तिथंही असतो, पण सोफ्यापेक्षा कमी. उशा, जाड पांघरुणं आधीच बाजूला काढून ठेव आणि जाग आली की बाळाला त्याच्या जागी ठेव. त्याची जागा म्हणजे तुमच्याच खोलीत, तुझ्या हाताच्या अंतरावर, वेगळं सपाट अंथरूण. गादी घट्ट, उशी नाही, मऊ खेळणी नाहीत, बाळ पाठीवर. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना पहिले निदान सहा महिने असंच झोपवायला सांगते. १९९०च्या दशकात अनेक देशांत ‘बाळाला पाठीवर झोपवा’ हा प्रचार सुरू झाला आणि झोपेतल्या अचानक मृत्यूंचं प्रमाण झपाट्यानं खाली आलं, इतका फरक या साध्या गोष्टींनी पडतो. घरात कुणी धूम्रपान करत असेल, तुम्हा दोघांपैकी कुणी मद्य किंवा गुंगी आणणारं औषध घेतलेलं असेल, बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं जन्मलेलं असेल, तर पलंगावर शेजारी घेऊन झोपणं अजिबात नको. हातभर अंतरावर बाळाला तुझा श्वास ऐकू येतो, तुला त्याची चुळबूळ कळते. जवळीक आहेच की.

आता नात्याकडे येते. तू जी पद्धत निवडलीस तिची यादी बरीच अलीकडची आहे. विल्यम सिअर्स या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी अंगावर पाजणं, अंगाशी बांधणं, जवळ झोपवणं हे सगळं एकत्र बांधून लोकांपुढे ठेवलं. त्याच्या मुळाशी असलेला, बाळाचा जीव कसा जडतो याबद्दलचा विचार त्याआधीचा, मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी आणि मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांचा. एन्सवर्थ यांनी आधी युगांडात आणि मग अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये घरोघरी जाऊन आई आणि बाळ यांचं एकत्र असणं तासन् तास पाहिलं. बाळाला कशानं भरवसा वाटतो, याचं त्यांना सापडलेलं उत्तर असं: बाळ काहीतरी सांगतंय हे आईच्या लक्षात येतं का, तिला ते साधारण बरोबर कळतं का आणि ती वेळेवर दाद देते का. किती तास उचललं यापेक्षा उचलताना त्या हातात मऊपणा आणि लक्ष होतं का, याला त्यांनी जास्त महत्त्व दिलं.

तू यादी पाळतेयस आणि त्या नादात बाळाचं ऐकणं मागे पडतंय, असं मला तुझं पत्र वाचून वाटलं. हे मी तुला दोष द्यायला सांगत नाही. इतक्या थकव्यात कुणाचंही असंच होईल. पण एक गोष्ट उद्या करून बघ. बाळ पोट भरून, जागं आणि शांत असताना त्याच्याशी डोळ्याला डोळा लावून बोल. थोड्या वेळानं ते मान फिरवेल, भिंतीकडे नाहीतर खिडकीकडे बघत राहील. पुष्कळ आया तेव्हा घाईनं त्याच्या समोर जातात, चुटक्या वाजवतात, त्याची नजर परत मिळवू बघतात. तू काहीच करू नकोस, थांब. त्याला एवढ्यानंही दमायला होतं, मान फिरवून ते विसावा घेतंय. थांबलीस तर बहुतेक वेळा ते आपणहून तुझ्याकडे वळेल. भुकेचंही तसंच. रडू हे भुकेचं शेवटचं टोक. त्याआधी तोंड उघडतं, जीभ बाहेर येते, मूठ तोंडाकडे जाते, गालाला काही लागलं की डोकं तिकडे वळतं. हे तुला दिसतंय आणि तू त्याला उत्तर देतेयस, तोवर बाळ तुझ्या अंगावर आहे की शेजारच्या अंथरुणावर, यानं फार फरक पडत नाही.

आणि हे दर वेळी जमायलाच हवं असंही नाही. एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञांनी आई आणि बाळ यांच्या समोरासमोरच्या खेळाची चित्रफीत क्षणाक्षणानं तपासली. चांगलं नातं असलेल्या जोड्यांतही दोघांचा सूर जुळलेला असायचा तो जेमतेम ३० टक्के वेळ. बाकीच्या वेळात चुकामूक, आणि मग परत जुळवून घेणं. हे परत जुळवून घेणंच बाळाला खूप काही शिकवतं, असं त्यांचं म्हणणं. त्या हिशेबात तुझी एक बाटली आणि एका रात्रीची झोप कुठं येते, तूच बघ.

सासूबाईंचं म्हणणं मला पटत नाही. या वयाचं बाळ हट्ट करायला शिकलेलंच नसतं. १९७२ साली सिल्व्हिया बेल आणि एन्सवर्थ यांनी २६ आई-बाळांचा वर्षभराचा अभ्यास मांडला, त्यात सुरुवातीच्या महिन्यांत ज्यांच्या रडण्याला लगेच दाद मिळाली ती बाळं वर्षाअखेरीस कमी रडत होती. अभ्यास लहान आहे, त्यावर पुढे टीकाही झाली, पण उचलल्यानं बाळ बिघडतं असं त्यात काही दिसलं नाही. जवळ घेण्याचं मोलही खरंच आहे. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटामध्ये एडगार रे या डॉक्टरांनी, काचेच्या पेट्या अपुऱ्या पडत होत्या म्हणून, अपुऱ्या दिवसांची बाळं आईच्या उघड्या छातीवर ठेवायला सुरुवात केली. आज जागतिक आरोग्य संघटना कमी वजनाच्या आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी तीच पद्धत सुचवते.

संध्याकाळच्या रडण्याचं मात्र तू अंगाला लावून घेऊ नकोस. पहिल्या दोन आठवड्यांनंतर रडणं वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या आसपास शिगेला पोचतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत ओसरतं. भर संध्याकाळी आणि रात्रीवर असतो. जगभरच्या बाळांत हा चढउतार साधारण असाच दिसतो. तुम्ही त्याच्या उतारावर आलेले आहात. १९८६ साली हुन्झिकर आणि बार या संशोधकांच्या प्रयोगात ज्या बाळांना रोज निदान तीन तास उचलून घ्यायला सांगितलं होतं, ती सहाव्या आठवड्यात ४३ टक्के कमी रडली, हे तुझ्या वाचनात असेलच. पण बार यांनीच नंतर फार रडणाऱ्या, पोटशुळाच्या बाळांवर तोच उपाय करून पाहिला आणि तिथं फरक पडला नाही. काही रडणं कुणाच्याही उचलण्यानं थांबत नसतं. डोकं भणाणून गेलं, हात थरथरायला लागले की बाळाला त्याच्या अंथरुणावर पाठीवर ठेव, दार ओढून घे आणि पाच-दहा मिनिटं दुसऱ्या खोलीत बस. बाळाला रागाच्या भरात कधीही गदागदा हलवायचं नाही, घरातल्या प्रत्येकाला हे सांगून ठेव, त्यानं मेंदूला कायमची इजा होते. आणि ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा वर गेला, हिरवी उलटी झाली, बाळ दूध ओढेना किंवा मलूल पडलं, तर ते नेहमीचं रडणं समजू नका, तडक दवाखाना गाठा.

बाळ अंगाशी बांधतेस ते जरूर बांध. फक्त त्याचा चेहरा तुला सतत दिसला पाहिजे, मान वाकवली की ओठ त्याच्या डोक्याला टेकतील इतकं ते वर हवं, आणि हनुवटी छातीवर रुतलेली नको. हनुवटीखाली तुझं बोट शिरायला हवं. गरम काही हाताळायचं असेल तर आधी बाळाला अंगावरून काढून त्याच्या जागी ठेव.

नवऱ्याकडे बाळ का देत नाहीस, हे मला पत्रातून नीट कळलं नाही. त्याच्याकडे गेलं तर तुझ्याशी असलेलं नातं पातळ होईल अशी भीती असेल, तर ग्लासगोमधल्या ६० बाळांचा अभ्यास सांगते. १९६४ साली रुडॉल्फ शॅफर आणि पेगी एमर्सन यांनी तो मांडला. दीड वर्षापर्यंत बहुतेक बाळांचा जीव एकापेक्षा जास्त माणसांवर जडलेला होता, आणि ज्याच्यावर जडला तो पाजणारा किंवा सगळ्यात जास्त वेळ घरात असणाराच होता असं नाही. जो लगेच दाद देई, खेळे, त्याच्यावर जडला. तेव्हा संध्याकाळचा एक तास बापाचा. बाळ त्याच्याकडे रडेल, तुझ्याकडेही रडतंच आहे. तू तेवढा वेळ दार लावून पड.

दुधाचं आता थोडक्यात. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, मग वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षं किंवा जास्त, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला चांगलाच आहे आणि तुला तो पाळायचा असेल तर जरूर पाळ. अंगावरचं दूध मागणीप्रमाणे तयार होतं, म्हणून रोजच बाटली आली तर ते कमी होऊ शकतं. एका बाटलीनं होत नाही. दिवसा दूध काढून ठेवता आलं तर रात्रीचं एक पाजणं नवरा तेच दूध देऊन करू शकेल. पुन्हा पावडर लागलीच तर निदान ७० अंश सेल्सिअसच्या पाण्यात कालवून, निववून द्या, कारण पावडर निर्जंतुक नसते. प्रमाण डब्यावर लिहिलंय तेच, पातळ करायचं नाही.

मैत्रिणीचं मात्र ऐकू नकोस. शेळीचं किंवा गाईचं नुसतं दूध वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाऐवजी चालत नाही. त्यातली प्रथिनं आणि क्षार कोवळ्या मूत्रपिंडांना झेपत नाहीत, लोह फार कमी असतं, आणि शेळीच्या दुधात फोलेट हे जीवनसत्त्वही अपुरं असतं. मधही वर्षाच्या आत बोटभरसुद्धा नाही. त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे बाळाचे स्नायू लुळे पाडणारा बोट्युलिझम होऊ शकतो. अंगावरच्या दुधात ड जीवनसत्त्व पुरेसं नसतं, म्हणून डॉक्टरांनी थेंब दिले असतील तर बंद करू नकोस. आणि लस दे. डांग्या खोकल्याचा जीवघेणा धोका सगळ्यात जास्त असतो तो याच वयात, आईचं दूध त्यापासून पुरतं वाचवू शकत नाही. कुशीत घेणं आणि लस टोचणं यांत एक निवडावं लागत नाही.

राहता राहिलीस तू. रडू आवरत नाही असं लिहिलंस, तिथं मी थांबले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार बाळंत झालेल्या सुमारे १३ टक्के स्त्रियांना मानसिक आजार गाठतो, त्यात मुख्य नैराश्य. बाळ झोपलेलं असतानाही तुला झोप येत नाही का? कशातच मन लागत नाही, आपण वाईट आई आहोत हे डोक्यातून जात नाही, असं दोन आठवडे चाललंय का? १९८७ साली एडिंबरोत यासाठी १० प्रश्नांची एक तपासणी तयार झाली, डॉक्टर ती काही मिनिटांत करू शकतात. यावर उपचार आहेत आणि अंगावर पाजत असतानाही घेता येतील अशी औषधं आहेत. स्वतःला किंवा बाळाला इजा करावी असा विचार एकदा जरी मनात येऊन गेला असेल, तर त्याच क्षणी नवऱ्याला सांग आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

तसं नसलं तरी याच आठवड्यात बाळाच्या लसीची वेळ घे आणि त्याच फेरीत तुझीही तपासणी करून घे. नवऱ्याला बरोबर ने, बाळ त्याच्याकडे दे आणि डॉक्टरांना सोफ्याच्या रात्रीपासून सगळं सांग.

तुझी,
ताई