खाऱ्या हवेतला खिसा

रोज खिशात किंवा छोट्या झोळीत ठेवायच्या वस्तूंबद्दल गेल्या अंकात प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रं एकाच तक्रारीची निघाली: वस्तू चांगली होती, पण पावसाळ्यात गेली. त्यात नवल नाही. अशा वस्तूंची शिफारस करणारे वजन आणि आकार बघतात. किनाऱ्यावर मात्र पहिला प्रश्न वेगळा विचारावा लागतो: ही वस्तू उघडता येते का, गोड्या पाण्यात धुता येते का, आणि आतून सुकवता येते का? पुढची सगळी उत्तरं या कसोटीवर दिली आहेत.

प्रश्न : घडीचा चाकू घेतला. पात्यावर 'डी-टू' असं कोरलंय. विकणाऱ्याने 'स्टेनलेस आहे, गंजत नाही' म्हणून सांगितलं. पहिल्याच पावसात पात्यावर तांबूस ठिपके आले. माल खोटा आहे का? (आंबा बागायतदार, देवगड)

माल खरा असेल, सांगणारा खोटा. डी-टू या पोलादात क्रोमियम सुमारे 12 टक्के असतं, पण कार्बनही दीड टक्क्याच्या आसपास असतो. हा कार्बन बरंचसं क्रोमियम स्वतःशी बांधून घेतो. त्यामुळे गंजाला अडवणारा पातळ थर तयार करायला मोकळं क्रोमियम पुरेसं उरत नाही. पुण्यातल्या कोरड्या हवेत हे पातं वर्षानुवर्षं लखलखीत राहील. देवगडात हवेतलं मीठ आणि खिशातला घाम मिळून तो थर जागोजागी फोडतात. म्हणूनच गंज सगळीकडे सारखा न चढता ठिपक्यांनी येतो.

घरातली विळी साध्या लोखंडाची असते. कैरी चिरली की काळी पडते, पण कुजत नाही, कारण ती रोज वापरली, धुतली, पुसली जाते. खिशातला चाकू आठवडाभर मिटून पडतो. त्याच्या घडीत ओल अडकते आणि घात तिथेच होतो.

तुमच्या कामाला कमी कार्बनचं, मऊसर स्टेनलेस पातं जास्त योग्य. स्वित्झर्लंडच्या लाल दांड्याच्या चाकूंचं पातं याच जातीचं असतं: क्रोमियम 15 टक्क्यांच्या आसपास, कडकपणा रॉकवेल मापाने 56 च्या जवळपास. चाकूची हौस असणारे त्याला 'मऊ' म्हणून नाक मुरडतात. धार लवकर जाते हे खरं, पण ती लवकर लागतेही. चिनी मातीच्या कपाच्या बुडाला जी खडबडीत, चकाकी नसलेली कड असते, तिच्यावर दोन्ही बाजूंनी दहा-बारा वेळा हलक्या हाताने ओढलं तरी काम भागतं. कोन साधारण 20 अंशांचा ठेवा. पातं उभं धरलं की 90, त्याच्या निम्मं 45, त्याच्याही निम्म्याहून किंचित कमी. थोडं जास्त पैसे घालायचे असतील तर '12सी27' किंवा '14सी28एन' असा शिक्का असलेलं पातं घ्या. दुसऱ्यात थोडा नायट्रोजन असतो. गंज अडवण्यात ते उजवं आहे आणि धारही बरी टिकते. पातं सहा-सात सेंटिमीटरचं पुरे. आंबा उतरवायला झेला आहेच. चाकू लागतो तो सुतळी, पोतं, खोक्याची पट्टी कापायला.

आत्ताच्या चाकूचं काय करायचं? खायच्या सोड्याची पाण्यात घट्ट लापशी करून भांडी घासायच्या नायलॉनच्या घासणीने ठिपके घासा. तारेची घासणी नको, ती ओरखडे काढते आणि ओरखड्यात पुढचा गंज बसतो. खड्डे पडले असतील तर ते राहणारच. नंतर चाकू उघडा ठेवून घडीच्या सांध्यावर गोड्या पाण्याची धार सोडा, झटका, पुसा आणि तासभर वाऱ्याला ठेवा. मग सांध्यात तेलाचा एकच थेंब. खोबरेल तेल घालू नका. ते थंडीत थिजतं, नंतर खवट होतं आणि सांध्यात धूळ धरून बसतं. शिलाई मशिनचं तेल सांध्याला चालतं. पात्याने फळं कापत असाल तर औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन वापरा. कैरीचा चीक लागला तर पातं तिथल्या तिथे पुसा, घरी जाईपर्यंत थांबू नका. काजूच्या टरफलाचं तेल पात्यापेक्षा तुमच्या कातडीला जास्त जाळतं, त्यामुळे तो चाकू पुन्हा फळाला लावण्याआधी साबणाने धुवा.

प्रश्न : असा चाकू एसटीत, रेल्वेत जवळ ठेवला तर गुन्हा होतो का? (कणकवली)

शस्त्र कायद्याच्या नियमांत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याच्या सुऱ्या-चाकूंना परवान्याच्या यादीत घातलं आहे. घरगुती, शेतीच्या वा उद्योगाच्या कामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. म्हणून कमरेच्या आकडीला कोयती अडकवून बागेत जाणारा माणूस गुन्हेगार ठरत नाही. पण सण, निवडणूक, मोर्चा अशा वेळी जिल्ह्यात पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली मनाई आदेश निघतात, आणि त्यांत सुऱ्यांचा उल्लेख असतो. त्या दिवसांत चाकू घरी ठेवा. खटका दाबला की उडून उघडणारा चाकू तर कधीच घेऊ नका. त्याचा उपयोग काही जास्त नाही आणि तपासणीत खुलासा करत बसावं लागतं. चिपीहून किंवा मोप्याहून विमानाने जाणार असाल तर चाकू मोठ्या सामानात द्या आणि पॉवर बँक जवळच्या बॅगेत ठेवा. उलट केलंत तर दोन्हीकडे अडकाल.

प्रश्न : शेवटच्या एसटीने उतरल्यावर वाडीपर्यंत पंधरा मिनिटं पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) उतरायची असते. मोबाइलचा टॉर्च पुरेसा नाही का? घ्यायचाच तर किती ल्युमेनचा? (शिक्षिका, गुहागर तालुका)

पुरेसा नाही. मोबाइलचा उजेड पसरट असतो, चार-पाच पावलांपलीकडे जात नाही. ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही. आणि पाय घसरला तर हातातला फोनच कातळावर आपटतो. बाजारात हजार-दोन हजार ल्युमेनचे आकडे सांगतात, त्यांच्या नादी लागू नका. छोट्या टॉर्चमध्ये एवढा उजेड एक-दोन मिनिटंच टिकतो, मग तो तापतो आणि स्वतःच मंदावतो. पायवाटेला सलग 100 ते 150 ल्युमेन भरपूर झाले. वीज गेल्यावर घरात वावरायला 5 ते 10. हे दोन टप्पे असलेला आणि पहिल्या दाबाला कमी उजेडाने सुरू होणारा टॉर्च निवडा.

पावसात टॉर्च डोळ्यांजवळ धरला की समोरचे थेंबच चमकतात आणि पांढरा पडदा उभा राहतो. डोक्याला बांधायचे दिवे पावसात याच कारणाने निरुपयोगी ठरतात. टॉर्च कमरेच्याही खाली धरा आणि उजेड तिरका पुढे टाका. आडव्या उजेडात चिऱ्यांवरचं शेवाळ चकाकतं आणि बारीक उंचवट्यांच्याही सावल्या पडतात. फुरसं असंच दिसतं, एरवी नाही. ते लहान असतं, रंगाने कातळमातीत मिसळून जातं, आणि खवले घासून ते करतं तो आवाज पावसात ऐकू येत नाही. दंश झालाच तर जागा कापू नका, करकचून बांधू नका, चोखू नका. तो हात किंवा पाय न हलवता सरळ सरकारी रुग्णालय गाठा. झोळीतल्या चाकूचं त्या प्रसंगी काहीही काम नाही.

आता सेल. गावातल्या दुकानात पेन्सिल सेल हमखास मिळतो, म्हणून तुमच्यासाठी एका पेन्सिल सेलवर चालणारा टॉर्च बरा. पण स्वस्त साधे सेल टॉर्चमध्ये घालून विसरू नका. त्यांचं बाहेरचं जस्ताचं कवचच वीज देताना झिजतं, मग छिद्र पडून आतलं पाझरतं. अल्कलाइन सेलही संपल्यावर तसाच राहिला तर पांढरी भुकटी सोडतो. ती दिसली तर हाताला पिशवी गुंडाळा, कापसाच्या काडीवर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घेऊन पुसा. भुकटी क्षाराची असते, आंबट लागलं की ती विरते. मग ओल्या फडक्याने पुसून पूर्ण सुकवा. सगळ्यात चांगले निकेल मेटल हायड्राइडचे, पुन्हा चार्ज होणारे आणि पडून राहिले तरी चार्ज धरून ठेवणारे सेल. ते क्वचितच पाझरतात.

झाकणाच्या आट्यांवर रबरी कडी असते. पाणी अडवते ती हीच. जूनच्या आधी तिच्यावर सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा आणि भेग दिसली तर कडी बदला. पाणी अडवण्याचा दर्जा टॉर्चवर छापलेला असतो: 'आयपीएक्स 4' म्हणजे फक्त शिंतोडे, '7' म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास, '8' म्हणजे कंपनी सांगेल तितकं त्याहून जास्त. या चाचण्या नव्या वस्तूवर गोड्या पाण्यात होतात, हे विसरू नका. समुद्रात पडलेला टॉर्च आधी गोड्या पाण्यात बुडवून हलवा, मगच उघडा.

प्रश्न : 'निसर्ग' चक्रीवादळानंतर कितीतरी दिवस वीज नव्हती. तेव्हापासून पॉवर बँक जवळ ठेवतो. 10,000 एमएएचची लिहिलीय, पण 5,000 एमएएचचा फोन दोनदा पूर्ण चार्ज होत नाही. फसवणूक? (श्रीवर्धन)

नाही, हा हिशोबाचा घोळ आहे. 10,000 हा आकडा आतल्या सेलचा, 3.7 व्होल्टला मोजलेला. म्हणजे 37 वॅट-तास. ती वीज 5 व्होल्टला चढवताना उष्णतेत काही जाते, तारेत काही, फोनमध्ये काही. हातात तीसच्या आसपास वॅट-तास येतात. तुमच्या फोनला साधारण 19 लागतात. म्हणजे दीड वेळा. तेवढं मिळत असेल तर वस्तू चोख आहे. विकत घेताना भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा.

3 जून 2020 चं वादळ असो की पुढच्या वर्षीचं 'तौक्ते', अशा वेळी विजेपाठोपाठ टॉवरही जातात. टॉवर शोधत राहिलेला फोन नुसता खिशात पडूनही बॅटरी खातो. म्हणून तो विमान-मोडवर टाका आणि ठरलेल्या वेळी पाच मिनिटं चालू करा. तार वीतभराची पुरे, लांब तारेत वीज जास्त वाया जाते आणि ती गुंततेही. पॉवर बँक मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. फुगलेली दिसली तर ती चार्जही करू नका, टोचूही नका, ई-कचऱ्यात द्या. आणि तिच्यासोबत झिपच्या पिशवीत दोन गोष्टी: दहा-वीस-पन्नासच्या काही नोटा, कारण टॉवर नसला की क्यूआर कोड नुसतं चित्र उरतं, आणि पाच-सहा फोन नंबरांची चिठ्ठी, पेन्सिलीने लिहिलेली. शाई ओलीने पसरते, शिसं पसरत नाही.

प्रश्न : चामड्याच्या पाकिटाला बुरशी येते म्हणून 'वॉटरप्रूफ' कापडी घेतलं. दोन वर्षांत ते आतून चिकट झालं. (रत्नागिरी)

आतून पॉलियुरेथेनचा लेप होता. दमट हवेत तो हळूहळू विघटित होतो आणि चिकटतो. धुऊन उपयोग नाही. लेप नसलेलं साधं नायलॉनचं पाकीट घ्या आणि कागद झिपच्या पिशवीत ठेवा. चेन प्लास्टिकची हवी. धातूची चेन हिरवी पडून अडकते. अडकलेली चेन आधी गोड्या पाण्यात धुवा, सुकली की दातांवर मेणबत्ती घासा.

प्रश्न : होडीवर जाळं कापायला चाकू हवा. आत्तापर्यंत दोन पाण्यात गेले. (हर्णै)

घडीचा नकोच. ओल्या, बुळबुळीत हातांनी तो उघडत नाही आणि घडीत खवले अडकतात. टोक बोथट, निम्मं पातं दातेरी, म्यान भोकं असलेल्या प्लास्टिकचं. होडी हलते तेव्हा अणकुचीदार टोक आपल्याच मांडीत जातं. दाते नायलॉनच्या दोरावर पकडतात, साधी धार घसरते. चामड्याचं म्यान खारं पाणी पिऊन पातं कुजवतं. दांड्याला भडक केशरी दोरी बांधा आणि दुसरं टोक जाकिटाला, पण दोरी मनगटाला अडकवू नका. जाळं ओढलं गेलं तर तुम्हीही ओढले जाल. त्याच जाकिटाला शिट्टी बांधा, आतमध्ये गोळी नसलेली. गोळीची शिट्टी भिजली की गप्प बसते.

प्रश्न : ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या किती दिवस चालतात? (महाविद्यालयीन विद्यार्थी, सावंतवाडी)

पावसाळ्यात उघड्या झोळीत एक दिवसही नाही. त्या फक्त बंद डब्यात काम करतात. टॉर्च, सुटे सेल, चाकू रात्री घट्ट झाकणाच्या डब्यात, पुडीसोबत ठेवा. सुटे सेल चिल्लर आणि किल्ल्यांपासून वेगळे ठेवा, नाहीतर टोकं जोडली जाऊन ते तापतात. रंग बदलणारे केशरी दाणे मिळाले तर उत्तम: ओल धरली की ते हिरवे होतात. निळे दाणे टाळा, त्यांत कोबाल्टचं क्षार असतं. दाणे कागदातून काढून जुन्या स्टीलच्या वाटीत मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं हलवत राहा, पुन्हा केशरी झाले की उतरवा. आच वाढली तर ते तडकतात आणि करपतात. गरम असतानाच कोरड्या बरणीत भरा आणि लगेच झाकण लावा, कारण निवत असताना ते स्वयंपाकघरातलीच वाफ पिऊन घेतात.