सावलीला नाक-डोळे काढणारी मुलं

प्रश्न: नमस्कार ताई, मी सातारा जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत तिसरीला शिकवते. टॉर्च लावून भिंतीवर सावली दाखवली, "प्रकाशाच्या वाटेत वस्तू आली की सावली पडते" हे वाक्य पोरांना पाठ आहे. पण चित्र काढायला सांगितलं तर निम्म्यांनी सूर्य आणि सावली एकाच बाजूला काढली, काहींनी सावलीला नाक-डोळे पण काढले. माझं कुठं चुकलं? आणि आता आरसा शिकवायचाय, शाळेत सामान काहीच नाही.

उत्तर: बाई, तुम्ही चित्र काढायला लावलंत म्हणून हे कळलं तरी, नुसतं तोंडी विचारलं असतं तर सगळी पोरं पास झाली असती. मला वाटतं टॉर्च तुमच्या हातात होता, तो मुलांच्या हातात द्या. आणि प्रयोग उलटा करा. भिंतीवर खडूने एक फुली मारा, टेबलावर खडूचा डबा ठेवा आणि सांगा, डब्याची सावली बरोबर या फुलीवर पाडून दाखव, टॉर्च कुठं धरशील? मूल आधी फुलीच्या बाजूलाच जाऊन उभं राहील, राहू दे, सांगू नका, दोन-तीनदा चुकलं की आपोआप पलीकडे जातं, आणि एकदा स्वतः पलीकडे गेलेलं मूल सूर्य आणि सावली एका बाजूला सहसा काढत नाही.

मग मैदानात चला. परिपाठ झाला की जोडीजोडीने एकमेकांच्या सावलीभोवती खडूने रेघ मारायची, पावलांची जागा पण आखायची. आता प्रत्येकाने एक खडा ठेवायचा, तासाभराने माझ्या डोक्याची सावली कुठं असेल तिथं. हा खडा फार महत्त्वाचा आहे, कारण अंदाज चुकला तरच मूल विचार करतं. सगळ्यात आखूड सावली बाराला नाही तर साडेबाराच्या आसपास पडते हेही मुलांनाच सापडू दे. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेलं आहे, सातारा त्याच्या बराच पश्चिमेला, म्हणून सूर्य आपल्याकडे अर्धा तास उशिरा माथ्यावर येतो. (हे तुमच्यासाठी, तिसरीला लगेच सांगायची गरज नाही.) शून्य सावलीचा दिवस, म्हणजे सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सरळ उभ्या वस्तूची सावली दिसेनाशी होते तो दिवस, मात्र शाळेत हुकतो, मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सुट्टी आणि ऑगस्टच्या सुरुवातीला ढग.

नाक-डोळ्यांचं म्हणाल तर एका मुलाला सूर्याकडे पाठ करून उभं करा आणि बाकीच्यांना फक्त त्याची सावली बघून ओळखायला सांगा, तोंड इकडे आहे का तिकडे? मग त्याला आहे तिथंच सूर्याच्या बाजूला वळवा, मान खाली ठेवून. सावली जवळपास तीच राहते. सूर्याकडे थेट कुणी बघायचं नाही, हे रोज सांगायचं.

आरशाला खर्च नाही. खिशातल्या कंगव्याबरोबर मिळतो तेवढा छोटा आरसा पुरतो, कडेला चिकटपट्टी लावा म्हणजे हात कापत नाहीत. दारातल्या उन्हात धरून वर्गाच्या भिंतीवर कवडसा पाडायचा, आरसा थोडासा हलवला तरी कवडसा केवढा पळतो ते पोरांना भयंकर आवडतं, फक्त कुणाच्या डोळ्यावर पाडायचा नाही. मध्येच डस्टर झटका, धुळीत उजेडाची सरळ वाट दिसते. दोन आरसे असतील तर वहीच्या कोपऱ्याला टेकवून काटकोनात उभे करा, मध्ये एक रुपया ठेवा, आरशात तीन दिसतात. आरसे जवळ आणत जा आणि आधी अंदाज विचारा, आता किती होतील?

शेवटी दोन्ही एकत्र करा. एका मुलाला पाठीवर ऊन घेऊन उभं करा, समोर जमिनीवर त्याची सावली आणि हातात आरसा. आता विचारा, नाक कशात दिसतंय आणि का? कुणीतरी म्हणेलच की आरशातून चेहऱ्यावरचा उजेड परत येतो आणि सावलीत तर उजेड पोचलाच नाही. नाही म्हणालं कुणी तर उत्तर देऊ नका, दुसऱ्या दिवशी परत तेच विचारा. आणि मग पुन्हा तेच चित्र काढायला लावा, जुनी चित्रं फेकली नसतील तर शेजारी लावून मुलांनाच बघू द्या.