एखादी भाषा मेली म्हणजे ती बोलणारी माणसंही संपली, असं समजायचं का? आणि ती बोलणाऱ्या शेवटच्या माणसाचं काय होतं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असंच असतं. माणसं तिथंच राहतात, घरातली भाषा बदलते. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र एका आजींची गोष्ट सांगितल्याशिवाय मला देता येणार नाही. मी त्यांचा आवाज इतक्या वेळा ऐकलाय की आता त्या ओळखीच्या वाटतात.

भाषेचं नाव कामास. सायबेरियाच्या दक्षिणेला, सायन पर्वताच्या उत्तर अंगाला, कान आणि माना या नद्यांच्या मुलखात ती बोलली जायची. ती सामोयेदी शाखेतली, म्हणजे फिनिश आणि हंगेरियन ज्या उराली कुळातल्या, त्याच कुळातली. पाण्याला कामासमध्ये ‘बू’ म्हणतात (ऊ म्हणताना ओठ गोल ठेवून जीभ ‘ई’च्या जागी न्यायची). फिनिशमधला ‘वेसी’ आणि हंगेरियनमधला ‘वीझ’ हे त्याचेच भाऊ. कानाला मुळीच एकसारखे वाटत नाहीत, पण तिघांचं मूळ एकच.

कामास लोक रेनडिअर पाळायचे, शिकार करायचे, उन्हाळ्यात डोंगर चढून वर जायचे. संख्येनं ते पहिल्यापासून थोडेच, काही शे. रशियन सत्ता आल्यावर फरच्या रूपात कर भरावा लागू लागला. गवताळ मैदानाकडचे कामास शेजारच्या तुर्की बोलींमध्ये (तुर्कस्तानच्या तुर्कीच्या नात्यातल्या, सायबेरियातल्या बोली) मिसळून गेले. जंगलातल्यांनी भाषा जास्त काळ टिकवली, पण रेनडिअर गेले, भटकणं थांबलं आणि ते अबालाकोवो नावाच्या गावात स्थिरावले. तिथं रशियन वसाहतकरी आले, सोयरिकी जुळल्या. आई कामास बोलणारी असली तरी मुलं अंगणात रशियन बोलू लागली. कुणी बंदीचा हुकूम काढायची गरजच पडली नाही. भाषा जायची ही सगळ्यात नेहमीची वाट आहे, आणि मला तीच सगळ्यात जास्त अस्वस्थ करते, कारण तिच्यात बोट दाखवायला कुणीच सापडत नाही.

त्यांच्या शेजारची मातोर ही भाषा तर याआधीच गेली होती. १८४०च्या दशकात फिनलंडचे भाषाभ्यासक कास्त्रेन त्या भागात फिरले, तेव्हा मातोर लोकांच्या वंशजांच्या तोंडी तुर्की बोली होती. मागं उरल्या त्या जुन्या प्रवाशांनी टिपून ठेवलेल्या शब्दांच्या याद्या. कामासचं नशीब थोडं बरं. कास्त्रेननी तिचं व्याकरण टिपलं, आणि १९१२ व १९१४ साली फिनलंडचेच भाषाभ्यासक काई डोनर अबालाकोवोला जाऊन शब्द आणि कहाण्या लिहून घेऊन आले. तेव्हाच ती बोलणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. डोनर यांचा कोश १९४४ साली छापून आला, तोवर भाषा संपली असंच सगळ्यांनी धरलं होतं.

आणि मग १९६०च्या दशकात, नद्या-डोंगरांची जुनी नावं गोळा करत फिरणाऱ्या एका रशियन गटाला अबालाकोवोत क्लावदिया प्लोत्निकोवा भेटल्या. वय सत्तरीच्या आसपास. पाठोपाठ एस्टोनियातल्या तार्तूहून भाषाभ्यासक आगो क्युन्नाप आले आणि टेप रेकॉर्डर लावून त्यांच्यासमोर बसले.

आजींना बोलायला कुणी उरलं नव्हतं. मग भाषा टिकली कशी? त्या श्रद्धाळू ख्रिस्ती होत्या आणि देवाची प्रार्थना कामासमध्ये करायच्या. देवाला त्या ‘कुदाय’ म्हणायच्या. तो शब्द मूळचा फारसी, तुर्कांकडून कामासमध्ये आलेला. आपल्या ओळखीचा ‘खुदा’ तोच. ऐकणारा एकच उरला होता, आणि त्याच्यापुरती का होईना, भाषा रोज तोंडात येत राहिली.

ही ध्वनिमुद्रणं हॅम्बुर्ग विद्यापीठाच्या प्रकल्पात लेखी संहितेसह ठेवलेली आहेत, ऐकता येतात. पहिल्यांदा ऐकताना एका शब्दापाशी मी थबकलो: ‘मन’. वाक्यामागून वाक्य ‘मन’नं सुरू होतं. कामासमध्ये ‘मन’ म्हणजे ‘मी’. आपल्या मनाशी त्याचा काही संबंध नाही, आवाज तेवढा जुळतो. तरी मराठी कानाला तो दर वेळी लागतोच. बोलतात त्या साध्याच गोष्टी: गाय, भाकरी, घरकाम, मध्येच एखादी गोष्ट. भाकरीला ‘इपेक’ म्हणतात, तोही तुर्की शब्द. रशियन शब्द सारखे घुसतात. काही अभ्यासक म्हणतात की डोनर यांच्या कामासच्या मानानं ही भाषा झिजलेली आहे. असेलही. इतकी वर्षं समोर कुणी नसताना बोलत राहिलेल्या बाईच्या तोंडी ती झिजणारच, आणि मला तरी ती झीज तिच्या जगण्याचीच खूण वाटते.

१९७० साली एस्टोनियातल्या तालिनला फिनो-उग्री, म्हणजे फिनिश-हंगेरियनच्या नात्यातल्या भाषांच्या, अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. ज्या भाषेवर अभ्यासक मेलेली म्हणून लिहीत होते, ती बोलणाऱ्या आजी स्वतः तिथं हजर होत्या.

पहिला प्रश्न माणसांबद्दल होता म्हणून हेही सांगतो. कामासांचे वंशज त्या भागात रशियन बोलत जगत राहिले. आपल्याकडे बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदच्या बाजूला निहाली बोलणारे आहेत. त्यांची भाषा जगातल्या कुठल्याच कुळात बसत नाही, आणि त्यांनाही रोजच्या व्यवहाराला दुसऱ्या भाषा लागतातच. कुणी त्या बाजूचे असाल तर त्यांच्या घरातली लहान मुलं आजीशी कुठल्या भाषेत बोलतात, ते जरूर लिहा.

क्लावदिया आजी २० सप्टेंबर १९८९ रोजी गेल्या. कामास भाषेच्या मृत्यूची तारीखही तीच धरतात.